खुंटी

बेळगुंदीत एक आप्पा होते. तरुणपणी मुंबईला गिरणीत कामाला होते, म्हणून गाव त्यांना गिरणीआप्पा म्हणायचं. घरात बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि गावाबाहेर तांबड्या मातीचं दीड एकर रान.

बेळगुंदी बेळगावच्या पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला. पाऊस लागला की चार महिने भिंतीची ओल जात नाही. पावसाच्या तोंडाला रताळ्याचे वेल तोडून सरीवर लावायचे, दसऱ्याच्या आगेमागे कुदळीने माती उकरून रताळी काढायची, पोत्यात भरायची आणि बेळगावच्या मार्केट यार्डात न्यायची. तिथून ती उत्तरेत पार दिल्लीपर्यंत जातात. माणसंही तशीच बाहेर जायची. बेळगाव, चंदगड, आजरा, गडहिंग्लज या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतला एखादा पोरगा मुंबईच्या गिरणीत असायचा.

आप्पा 1964 साली गेले. एकोणीस वर्षांचे होते. डिलाईल रोडला एका चाळीत गावकऱ्यांची खोली होती. खोली एक, माणसं बावीस. रात्रपाळीचे परत यायचे तेव्हा दिवसपाळीचे उठून गेलेले असायचे. त्यांच्याच जागेवर वळकटी पसरायची. जेवण खाणावळीत. प्रत्येकाला एक ट्रंक ठेवण्यापुरती जागा आणि भिंतीवर एक खुंटी. नव्या माणसाला खुंटी लगेच मिळत नसे. कुणी कायमचा गावी गेला की त्याची खुंटी मोकळी व्हायची. आप्पांना ती मिळायला दोन वर्षं लागली. मिळाली त्या दिवशी त्यांनी आपली टोपी आणि कापडी पिशवी तिला अडकवली आणि बराच वेळ खाली बसून बघत राहिले.

त्या खोलीत बाईमाणसाला जागा नव्हती. आप्पांची बायको गावीच राहिली. भात लावायची, रताळी काढायची, पोरं वाढवायची. गणपतीला नवरा घरी आला की विचारायची, “मुंबई कशी असती ओ?”

“दाखवीन की तुला. आधी खोली हूं दे.”

अशी अठरा वर्षं गेली.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. कामगार पुढारी दत्ता सामंतांच्या शब्दावर अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप मागे घेतला असं कधी कुणी रीतसर सांगितलंच नाही. माणसं वाट बघून बघून आपापल्या गावी गेली. वर्षभराने आप्पांनीही खुंटीवरची पिशवी काढली आणि ट्रंक घेऊन एस.टी.त बसले.

घरी आल्यावर ट्रंक उघडली. त्यात दोन सदरे होते, एक घोंगडं होतं आणि कागद होते. हजेरीचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाच्या चिठ्ठ्या, ई.एस.आय.चं कार्ड, तिकीट नंबर लिहिलेला पास. आप्पा म्हणाले, “घाल हे चुलीत. पाणी तरी तापंल.”

बायकोला वाचता येत नव्हतं. पण नवऱ्याचं नाव छापलेला कागद चुलीत घालायला तिचा हात होईना. तिने खताच्या पिशवीतलं प्लॅस्टिक धुतलं, वाळवलं, त्यात कागद गुंडाळले आणि चुलीवरच्या माळ्यावर धुराच्या उबेला ठेवून दिले. बेळगुंदीच्या पावसात कागद टिकवायचा तर हीच एक जागा. दर वर्षी वेल लावून झाले की ती गुंडाळी खाली काढायची, कागद उन्हाच्या तिरपीत पसरायची आणि पुन्हा बांधून वर ठेवायची. नवऱ्याला तिने ते कधी सांगितलं नाही.

तिकडे मुंबईत गिरण्यांच्या जमिनींचं काय करायचं, हे ठरत होतं. 1991 च्या नियमात जमिनीचे तीन वाटे होते. एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेला घरांसाठी, एक मालकाला. 2001 साली नियमाचे शब्द बदलले आणि गिरणीच्या सगळ्या जमिनीऐवजी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीचे वाटे होऊ लागले. सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली तो बदल कायम ठेवला. चार-पाच शब्दांच्या फेराने घरांची जमीन केवढी तरी कमी झाली. बेळगुंदीत बसून हे कुणाला कळणार? तिथे एवढंच कळलं, की गिरणी कामगारांना घरं मिळणार आहेत आणि त्यासाठी अर्ज करायचा आहे.

आप्पा तेव्हा पासष्टीला आले होते. ते म्हणाले, “अर्ज कशाचा करू? पुरावा काय हाय माझ्याकडं? मी गिरणीत होतो हे आता त्या गिरणीला पण म्हाईत नाही.”

आज्जी उठली. तोवर नातवंडं झाली होती आणि गावाची ती आज्जी झाली होती. शिडी लावून तिने माळ्यावरची गुंडाळी काढली आणि नवऱ्याच्या पुढ्यात ठेवली. कागद धुराने पिवळे पडले होते. अक्षर मात्र एकही पुसलं नव्हतं.

आप्पा कितीतरी वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “चुलीत घाल म्हटलं होतं की तुला.”

“चुलीवर ठेवलं की ओ,” आज्जी म्हणाली.

अर्ज गेला. लाखाच्या वर अर्ज होते. 28 जून 2012 ला पहिली सोडत निघाली, 6,925 घरांची. आप्पांचं नाव नव्हतं. 9 मे 2016 ला आणखी 2,634 घरांची निघाली. त्यातही नव्हतं. त्याच वर्षी 2 डिसेंबरला पनवेलजवळच्या कोन इथल्या 2,417 घरांची सोडत झाली आणि मुलाच्या मोबाईलवर मुंबईच्या एका जुन्या सोबत्याचा फोन आला. नाव लागलं होतं.

ती घरं मुळात मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने भाड्याने देण्यासाठी बांधलेली होती. एकेक खोली 160 चौरस फुटांची. दोन खोल्या जोडून एक घर, म्हणजे 320 चौरस फूट. किंमत सहा लाख रुपये. आप्पांनी अंगणात काठीने रेघा ओढून आज्जीला दाखवलं, हे एवढं घर, ही मोरी, इथं चूल.

“आणि खुंटी?” आज्जीने विचारलं.

आप्पांनी एका रेघेवर काठी टेकवली. “ही इथं. दोन मारू. एक तुझी.”

मग कागदांची तपासणी झाली. पात्र ठरल्याचं पत्र आलं, पैसे भरायचं पत्र आलं. सहा लाख म्हणजे खेळ नव्हे. तीन हंगामांच्या रताळ्यांचे पैसे घातले, मुलाने साठवलेले घातले, मुलीने पाटल्या दिल्या, उरलेल्याला सोसायटीचं कर्ज काढलं. पैसे भरले. हप्ता सुरू झाला. चावी मात्र येईना.

दर दसऱ्याला आप्पा म्हणायचे, पुढच्या दसऱ्याला. आज्जी मान हलवायची आणि रताळी काढायला जायची. एकदा मुलगा वैतागून म्हणाला, “हे रान विकून कर्ज तरी मिटवूया. नाहीतरी घर आल्यावर जाणारच आहात ना?” आज्जी म्हणाली, “घर येईल तवा येईल. वेल पावसातच लावाय लागतोय.” रान विकलं नाही. पुढे सोसायटीचे हप्ते त्याच रानाने फेडले.

2020 साली करोना आला. कोनच्या त्या रिकाम्या इमारतींत विलगीकरणाची सोय केली गेली. गावात कुणीतरी आप्पांना म्हणालं, “बघा, तुमच्या घरात दुसरेच जाऊन झोपले.”

आप्पा म्हणाले, “आजारी माणसं हाईत. झोपू देत. आमच्या खोलीत पण पाळीपाळीनंच झोपायचो की.”

साथ ओसरली. इमारती परत मिळाल्या तेव्हा दारं, नळ, तावदानं दुरुस्तीला आली होती. ती कुणी करायची आणि खर्च कुणी सोसायचा, यात महिन्यांमागून महिने गेले. घर बांधणारी संस्था एक, वाटणारी दुसरी. दोघींच्या मधे एक कागद इकडून तिकडे जायचा, आणि तो कुठल्या टेबलावर आहे हे बेळगुंदीला कळायचं नाही.

2021 च्या पावसाळ्यात वेल लावून झाले आणि आप्पा गेले. आजार मोठा नव्हता. वय झालं होतं. अंगणातल्या काठीच्या रेघा केव्हाच पावसाने धुवून नेल्या होत्या.

दिवस झाल्यावर मुलगा म्हणाला, “आई, आता ते घर विसरूया.” आज्जीने माळ्यावरची गुंडाळी खाली काढली. “कागद हाईत तवर कसं विसरायचं?” ती म्हणाली. “मी जातो मुंबईला.” आमच्याकडे बायका ‘जातो’, ‘येतो’ असंच म्हणतात. त्या दिवशी तो शब्द तिच्या तोंडी फार शोभून दिसला.

नातू कॉलेजात होता. तो बरोबर निघाला. बेळगावच्या बसस्टँडवरून रात्रीची गाडी, सकाळी मुंबई. वयाच्या बहात्तराव्या वर्षी आज्जीने मुंबई पाहिली ती एका कचेरीच्या खिडकीतून आत बघत.

खिडकीवरच्या माणसाने फाईल बघितली. म्हणाला, “मृत्यूचा दाखला मराठीत आणा.” दाखला कानडीत होता. 1956 साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, म्हणून इथल्या कचेरीचा कागद कानडीत येतो. आजी-नातू परत आले. बेळगावात कोर्टाच्या आवारात भाषांतर करून घेतलं आणि दोन महिन्यांनी परत गेले. तो माणूस म्हणाला, “वारसांची नावं कुठं आहेत?” परत आले. नाडकचेरीतून वंशावळीचा दाखला काढला, त्याचं भाषांतर केलं, परत गेले. या खेपेला त्याला आडनाव दिसलं. गिरणीच्या कार्डावर एक होतं, रेशन कार्डावर दुसरं. “ही दोन्ही नावं एकाच माणसाची असं प्रतिज्ञापत्र लागेल.”

तो माणूस वाईट नव्हता. आवाज चढवून बोलला नाही, पैसे मागितले नाहीत. त्याने आज्जीला एकदा पाणीही दिलं. फाईल उघडल्यावर जी पहिली उणीव दिसेल ती तो सांगायचा आणि फाईल मिटायचा. पुढची पानं उलटायला अर्धं मिनिट लागलं असतं.

चौथ्या खेपेला आज्जी गेली तेव्हा त्या खिडकीवर एक नवी मुलगी होती. तिने फाईल घेतली. आज्जी म्हणाली, “बाळ, एक सांग. याच्यानंतर काय लागंल, आणि त्याच्यानंतर काय लागंल, ते सगळं आजच सांग. मी लांबनं येतो. मला लिहिता येत नाही, पण ह्यो लिहून घेईल.”

मुलगी नातवाकडे वळली नाही. तिने फाईल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिली. मागे लोक थांबले होते, एकदोघे कुरकुरले. मग तिने एक कोरा कागद घेतला आणि मोठ्या अक्षरांत, एकाखाली एक, आठ गोष्टी लिहिल्या. कोणता कागद, कुठल्या कचेरीतून, किती प्रती, त्यावर कुणाची सही. खाली दोन कामांसमोर फुली मारून सांगितलं, “हे तुम्हाला करायचं नाही, आज्जी. हे आमच्याकडे आहे. मी आजच वर पाठवते.”

ती यादी घेऊन आज्जी बेळगुंदीला आली. सहा कागद तीन आठवड्यांत झाले. यादीचं काम संपल्यावर तिने ती फेकली नाही. शेजारच्या गावात एका गिरणी कामगाराची विधवा अशीच अडकली होती. आज्जीने नातवाकडून यादीची झेरॉक्स काढवून तिला दिली. तिने आणखी एकीला. त्या वर्षी तिकडच्या चार-पाच घरांत तो एकच हस्ताक्षराचा कागद फिरत होता. कुणाचं हस्ताक्षर ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

ही गोष्ट सांगताना मला सारखं ते अर्धं मिनिट आठवतं. खिडकीच्या आतल्या बाजूला जे अर्धं मिनिट वाचतं, त्याची बाहेरच्या बाजूला दोन रात्रींची बस होते, दोन महिने होतात, कधी एक अख्खा पावसाळा होतो. आत बसलेल्याला तो पावसाळा दिसत नाही. दिसायला पाहिजे, असं मला फार मनापासून वाटतं. आणि बाहेर थांबलेल्याचं थांबणं म्हणजे नुसतं बसून राहणं, असंही कुणी समजू नये. चाळीस वर्षं कागद कोरडा ठेवणं हे काम आहे. वेळेला वेल लावणं हे काम आहे. चौथ्यांदा खिडकीशी जाऊन न रागावता नेमका प्रश्न विचारणं, हे तर सगळ्यांत अवघड काम.

सोडतीला आठवं वर्ष सरत आलं तेव्हा चावी मिळाली.

आज्जी, मुलगा आणि नातू पहाटे कोन फाट्याला उतरले. अजून अंधार होता. महामार्गावरून एकामागून एक गाड्या जात होत्या. आज्जीने विचारलं, “ही मुंबई काय रे?”

“नाही आज्जी. हे पनवेलच्या अलीकडं. मुंबई अजून लांब आहे.”

आज्जीने रस्त्याकडे पाहिलं. एक लाल बस दिवे लावून मुंबईकडे गेली. “त्यांची गाडी ह्याच वाटंनं जात असणार,” ती म्हणाली.

घर चौथ्या मजल्यावर होतं. नवा रंग दिलेला. दोन खोल्यांच्या मधे दार पाडलेलं. नळ सोडला तर आधी तांबूस पाणी आलं, मग स्वच्छ झालं. मुलाने हळदीकुंकू काढलं, नारळ फोडला. आज्जीने पिशवीतून एक लाकडी खुंटी काढली. रानातल्या आंब्याची फांदी तासून ती नातवाने केली होती. भिंत काँक्रीटची, खुंटी जाईना. शेजारच्या दारातून एक म्हातारी बाई बघत होती. चंदगडची होती, तीही कागद सांभाळतच इथवर आलेली. तिने आपल्या जावयाला हाक मारली. तो ड्रिल घेऊन आला, त्याने भोक पाडलं आणि खुंटी ठोकून बसवली.

आज्जीने आप्पांची टोपी आणि कापडी पिशवी तिच्यावर अडकवली. जावई निघाला तशी ती म्हणाली, “थांब की बाळ. अजून एक हाय.”

तिने पिशवीतून दुसरी खुंटी काढून त्याच्या हातात दिली.